पदपथ आणि सायकलमार्गांसाठी पैसा: अनुदान मागावं की बजेटमध्ये हिस्सा?

चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी शहरातले रस्ते सुधारायचे, तर पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो: वरच्या सरकारचं प्रकल्पापुरतं अनुदान, रस्त्यांच्या वार्षिक बजेटमधला राखीव हिस्सा आणि मालमत्ताधारकांकडून घेतलेलं शुल्क. नगरपालिकेने कशामागे ताकद लावावी, याचं उत्तर गावागणिक बदलतं. माझा कल राखीव हिश्श्याकडे आहे, पण अनुदानाची एक बाजू खरोखर भक्कम आहे.

ती म्हणजे एकरकमी पैसा. सायकलमार्ग तुटक असले की त्यांवर कोणी फिरकत नाही. चौकात मार्ग संपला की सायकलवाला थेट बसच्या चाकाशी. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने 2006 नंतरच्या चारेक वर्षांत सुमारे 120 किलोमीटरचं सलग जाळं उभं केलं आणि सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. दरवर्षी दोन-दोन किलोमीटर करत बसलं असतं तर हे झालं नसतं.

पण अनुदान देणारा हात आखडताही घेतो. इंग्लंडने 2005 मध्ये सहा गावं निवडून माणशी वर्षाला साधारण 10 पौंड, असा खर्च केला. 2009 पर्यंत तिथल्या सायकलींची मोजदाद सरासरी 27 टक्क्यांनी वाढली. तरीही हे काम पाहणारी ‘सायकलिंग इंग्लंड’ ही संस्था 2011 मध्ये गुंडाळली गेली. पुढे 2022 मध्ये नवी संस्था आली आणि 2023 मध्ये या कामाच्या निधीला पुन्हा मोठी कात्री लागली. अशा धरसोडीत जाणकार अभियंते टिकत नाहीत. शिवाय स्पर्धेतून मिळणारं अनुदान ज्यांच्याकडे चांगला प्रस्ताव लिहिणारी माणसं आहेत, त्यांनाच मिळतं. ज्या गावात रस्ते, गटारं आणि पाणी एकच अभियंता सांभाळतो, ते गाव या शर्यतीत आधीच मागे पडलेलं असतं.

राखीव हिश्श्याचं तत्त्व साधं आहे: बजेटचा ठरलेला वाटा दरवर्षी चालणं आणि सायकलींसाठीच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2016 मध्ये वाहतूक बजेटच्या किमान 20 टक्क्यांची शिफारस केली. नैरोबीने 2015 च्या धोरणात तेवढाच वाटा लिहिला, चेन्नईने 2014 मध्ये थेट 60 टक्के. आयर्लंडच्या सरकारने 2020 मध्ये वर्षाला 36 कोटी युरो ठरवले. मेख अशी की धोरणात टक्केवारी लिहायला पैसे लागत नाहीत. बजेटमध्ये स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे या खर्चाची वेगळी नोंद, नसेल तर रस्ता रुंद करायचा, कडेला हातभर फुटपाथ टाकायचा आणि सगळा खर्च ‘पादचाऱ्यांसाठी’ दाखवायचा, हे सर्रास होऊ शकतं. म्हणून टक्केवारीवर वाद घालण्याआधी त्यात काय मोजायचं, हे लेखी ठरवून घ्या.

तिसरी वाट फक्त पदपथांपुरती. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये घरासमोरच्या पदपथाची दुरुस्ती घरमालकाच्या माथी होती. 2022 मध्ये मतदारांनी ती शहराकडे सोपवली आणि त्यासाठी शुल्क भरायला होकार दिला. पैशाचा हा स्रोत खात्रीचा आहे, पण नवा कर लावायला कोणता नगरसेवक पुढे येईल?

देखभालीचं काय, हा प्रश्न मात्र सगळ्यात आधी विचारावा. अनुदान बहुतेकदा बांधकामापुरतंच असतं. काच-खडी झाडणं, उखडलेल्या फरश्या बसवणं, क्रॉसिंगचे पट्टे पुन्हा रंगवणं, विजेची बिलं, हे सगळं नगरपालिकेच्या गळ्यात. मोठं अनुदान घेऊन पाच वर्षांत भंगार झालेल्या मार्गापेक्षा छोटा पण झाडलेला मार्ग बरा. हिश्श्याचा आणखी एक फायदा असा, की रस्ता नव्याने डांबरायला काढला की त्याच कामात पदपथ सलग करता येतो, गाड्या सावकाश वळाव्यात म्हणून चौकाची वळणं आवळता येतात. खोदकाम आणि कंत्राटदार तिथे असतातच, वरचा खर्च थोडा.

तेव्हा नकाशे तयार असतील, जागा ताब्यात असेल आणि देखभालीची तरतूद आधीच केली असेल, तर सायकलजाळ्यासाठी अनुदानाचा अर्ज जरूर करा. यातलं एकही नसेल, तर यंदा अर्जावर महिने घालवू नका. पुढच्या वर्षी कोणते रस्ते डांबरायचे आहेत, ती यादी मागवा आणि त्यांच्या निविदा निघण्याआधी पदपथ आणि क्रॉसिंग त्यात घालून घ्या.