माजुलीत चांग घरात दोन रात्री राहून आलो, सांगलीकराच्या नजरेतून

नोव्हेंबरात आसामला गेलो तेव्हा माजुलीत, म्हणजे ब्रह्मपुत्रेतल्या मोठ्या बेटावर, एका मिसिंग (तिथली एक आदिवासी जमात) कुटुंबाच्या होमस्टेत दोन रात्री काढल्या. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरी धरायची, माणसं, बाईक, गाड्या, कोंबड्या सगळं एकाच बोटीत, आणि तासा-दीड तासात कमलाबारी घाट.

खोली म्हणजे खरंखुरं चांग घर, बांबूच्या खांबांवर माणसाच्या उंचीएवढं उचललेलं, जमीन पण चिरलेल्या बांबूचीच, चालताना करकरते आणि फटीतून खालची डुकरं दिसतात. पहिल्या रात्री झोप लागली नाही, दुसऱ्या रात्री मस्त लागली. मधोमध चूल, तिच्यावर टांगलेल्या मांडणीवर मासे वाळत ठेवलेले, घराखाली हातमाग, आणि एका बाजूला होडी बांधलेली. अंगणात होडी कशाला म्हणून विचारलं तर बाइदेउ (तिकडे ताईला असंच म्हणतात) हसून म्हणाल्या, जून-जुलैत हेच तर रस्ते.

आम्ही 2019 चा पूर बघितलेली माणसं, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, आमचा तळमजला आठवडाभर पाण्याखाली होता आणि भिंतींची ओल पुढं वर्षभर गेली नाही, त्यामुळं मी त्या घराकडं बघतच बसलो. पाणी आलं की खालून निघून जातं, भिजायला खाली फारसं काही ठेवलेलंच नसतं, अन् फारच वर आलं तर हे लोक आतली बांबूची जमीनच आणखी वर बांधून घेतात.

पण घरमालक दादा म्हणाले की बानाची, म्हणजे पुराची, एवढी भीती नाही, बान गाळ तरी टाकून जातो, भीती गराखहनियाची, काठ कोसळायची. 1950 च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळानं वर आलं आणि तेव्हापासून बेट झिजतंय, कितीतरी सत्रं, म्हणजे वैष्णव मठ, सुद्धा जागा सोडून गेली. यांचं घर दोनदा हललंय. बांबू सोडवायचे, होडीत घालायचे, नव्या जागी उभं करायचं. घर असं नेता येतं हो, शेत कसं नेणार? हे ऐकून मला जेवण जाईना.

जेवण मात्र फार चांगलं, पानात बांधून शिजवलेला भात, नदीचा मासा, पालेभाजी, सोबत घरची आपोंग, म्हणजे तांदळाची बिअर. दोघांचे दोन्ही वेळच्या जेवणासकट रोजचे 1800 दिले, मला तरी कमीच वाटले.

अडचणी पण सांगतो. संडास खाली, अंगणापलीकडं आहे आणि शिडी म्हणजे खाचा पाडलेला एक ओंडका, गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच खालची खोली आहे का विचारावं. लाईट जाते, टॉर्च न्या. परतीची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशीच घाटावर विचारून ठेवा, आमची सकाळची चुकली आणि पुढचं सगळं बिनसलं. सामागुरी सत्रात मुखवटे करतात ते बघायला अर्धा दिवस राखून ठेवा.

निघताना मागच्या डबक्यात नवे बांबू भिजत घातलेले दिसले. दादा म्हणाले, पावसाच्या आधी जमीन अजून हातभर वर घ्यायचीय.