डॅशबोर्डची ट्रिम: नवी घ्यावी, जुन्या बाजारातली आणावी की आहे तीच रॅप करावी?

गाडी पाच-सहा वर्षं उन्हात उभी राहिली की इंजिनाच्या आधी डॅशबोर्ड म्हातारा दिसू लागतो. गिअरभोवतीच्या पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळ्या पट्टीवर चरे पडतात, एसी व्हेंटच्या चंदेरी कडेचा रंग उडतो, एखादी पट्टी खड्ड्यात खडखडायला लागते. या सजावटीच्या पट्ट्या म्हणजेच ट्रिम. मग नवी ओरिजिनल ट्रिम, जुन्या बाजारातली वापरलेली, रॅप (पट्टीवर चिकटवायची पातळ फिल्म) किंवा रंग असे पर्याय समोर येतात. बहुतेक जण किंमत आणि रंग बघून ठरवतात. मला विचाराल तर आधी पट्टी काढा, उलटी करा आणि तिला डॅशला धरून ठेवणारे मागचे लॉक बघा. लॉक शाबूत असतील तर नवी पट्टी घ्यायची सहसा गरज नसते. दोन लॉक तुटले असतील तर वरून कितीही सुंदर रॅप केला तरी खडखड जाणार नाही.

म्हणून काढण्याचं काम आधी नीट समजून घेऊ, कारण ट्रिमचं सर्वांत मोठं नुकसान काढतानाच होतं. पट्टी डॅशला दोन प्रकारांनी धरलेली असते: प्लास्टिकचे लॉक किंवा पत्र्याच्या स्प्रिंग क्लिपा, आणि कुठेतरी लपवलेला एखादा स्क्रू. तो स्क्रू बऱ्याचदा दार उघडल्यावर डॅशच्या बाजूला दिसणाऱ्या झाकणामागे किंवा गिअरच्या दांड्याभोवतीच्या रबरी आवरणाखाली असतो. तो न काढता पट्टी ओढली की कोपरा फाटलाच म्हणून समजा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका. नायलॉनच्या पट्ट्यांचा ट्रिम काढायचा सेट कुठेही स्वस्तात मिळतो. शेजारच्या भागावर मास्किंग टेप लावा, दाराकडच्या टोकापासून सुरुवात करा आणि क्लिप जिथे आहे तिथेच नायलॉनची पट्टी घालून ट्रिम सरळ स्वतःकडे ओढा. ‘टक्’ असा आवाज आला की पुढच्या क्लिपवर जा. एकाच टोकाला धरून वाकवत नेली तर मधले लॉक तुटतात. पत्र्याची क्लिप डॅशच्या भोकातच अडकून राहिली तर पक्कडने काढून पट्टीच्या दांड्यावर परत बसवा. ती विसरलात तर बसवल्यावर त्या जागी पट्टी उचललेली राहते. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं, तेव्हा गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग हात घाला.

एका गोष्टीत मात्र अजिबात तडजोड नको. आपल्याकडे २०२२ पासूनच्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाच्या शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग आहे, आणि कित्येक जुन्या गाड्यांतही आहे. त्या भागाचं झाकण ठरावीक रेषेवर फाटेल अशा बेताने बनवलेलं असतं. त्यावर रॅप, रंग, जाड फर किंवा चिकटवायचा लाकडी तुकडा काहीही नको. स्टीअरिंगच्या मधल्या भागालाही घरी हात लावू नका. काचेच्या बाजूच्या खांबाच्या ट्रिममागे पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल, तर तिथल्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात. काढल्या की नव्याच बसवाव्या लागतात. पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर थांबा, तो सहसा एअरबॅगच्या वायरचा असतो. त्याच्या आसपास काम करायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबणं आवश्यक आहे. तो कनेक्टर सुटलेला असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि पुढे बऱ्याचदा वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावूनच जातो.

आता पर्याय.

नवी ओरिजिनल ट्रिम मारुती, ह्युंदाई, टाटासारख्या गाड्यांत बऱ्याचदा वाटते तितकी महाग नसते, विशेषतः लहान पट्टी असेल तर. पुण्यात नाना पेठेत किंवा कंपनीच्या पार्ट काउंटरवर पार्ट नंबर सांगितला की ऑर्डर होते. नंबर पूर्ण लिहून घ्या. मारुतीच्या नंबरात शेवटची तीन अक्षरं रंगाची असतात. ती चुकली की पट्टी बसते, पण शेजारच्या पट्टीपेक्षा वेगळी दिसते. सोबत नव्या क्लिपाही मागवा. युरोपियन गाड्यांत हाच हिशोब कित्येकदा उलटा होतो. तिथे काही वेळा नुसती पट्टी मिळत नाही, अख्खं असेंब्ली, म्हणजे जोडलेला पूर्ण भाग घ्यावा लागतो, आणि मग इतर पर्यायांचा विचार करणं शहाणपणाचं ठरतं. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: अमेरिका किंवा दुबईतल्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे मीटरभोवतीची आणि लांब आडवी पट्टी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी येते. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातली जमू शकते.

वापरलेली ट्रिम म्हणजे कुर्ल्याचा सीएसटी रोड, किंवा तुमच्या शहरातला भंगाराचा बाजार. स्वस्त, आणि बंद झालेल्या मॉडेलसाठी कधीकधी एकमेव मार्ग. पण दुकानदार समोरची बाजू पुसून चकचकीत करून दाखवतो. तुम्ही उलटी करून बघा. लॉक तुटलेले, फेविक्विकने चिकटवलेले किंवा बोळे भरलेले असतील तर परत ठेवा. ज्या गाडीची एअरबॅग उघडली होती तिच्या डॅशचे तुकडे टाळा, कारण बारीक तडे वरून दिसत नाहीत. वापरलेली एअरबॅग तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

लॉक धड असतील तर माझी पहिली पसंती रॅपला. आवडला नाही तर काढता येतो आणि खाली मूळ ट्रिम तशीच राहते. मात्र पट्टी गाडीतून काढूनच करून घ्या. बसलेल्या पट्टीवर केलेल्या रॅपची कड मागे वळवता येत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा डॅशचं तापमान सत्तर अंशांच्या आसपास जातं, ती कड उचलायला लागते. चांगला कारागीर आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेलकटपणा काढतो, कड मागे सुमारे एक सेंटीमीटर वळवतो आणि शेवटी सगळ्या कडांना हीट गनने पुन्हा गरम करतो. हे शेवटचं काम तो करतो का, एवढं विचारा. उत्तरावरून त्याची पारख होते. फिल्म कास्ट प्रकारची, म्हणजे ओतून बनवलेली घ्या. स्वस्त कॅलेंडर्ड (रोलरमधून दाबून काढलेली) फिल्म खोल वळणावर आक्रसते. रंग मॅट निवडा, कारण चकचकीत पट्टीवर दुपारचं ऊन पडलं की ते थेट डोळ्यांत येतं.

रंगकाम डेंटर-पेंटरकडून करून घेता येतं, पण डॅशमधलं बरंचसं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलिन असतं आणि त्यावर खास प्राइमरशिवाय रंग टिकत नाही. मागच्या बाजूला ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलिन) किंवा ‘एबीएस’ (दुसऱ्या प्रकारचं प्लास्टिक) असा छाप सहसा असतो, तो पेंटरला दाखवा. हायड्रो डिपिंगमध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या फिल्मची नक्षी पट्टीवर उतरते आणि वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारतात. लाकडी किंवा कार्बन नक्षी हवी असेल तर ते देखणं दिसतं, पण खरचटलं तर तेवढाच भाग दुरुस्त होत नाही. चिकटवायचे तयार लाकडी किट मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. दोन उन्हाळ्यांत टेप सोडते आणि डिंक मूळ पट्टीवर राहतो.

आणि एक पर्याय लोक विसरतात: काहीच न बदलणं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत काही गाड्यांच्या बटणांवरचा आणि दारांच्या हँडलवरचा मऊ थर चिकट होतो. तिथे प्लास्टिक खराब झालेलं नसतं, फक्त वरचा थर विरघळत असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ फडक्याने तो पूर्ण काढला की खाली साधं, स्वच्छ काळं प्लास्टिक निघतं. बटणांवरची छापील चिन्हं मात्र त्यासोबत जाऊ शकतात, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा. पियानो ब्लॅकवरचे केसासारखे चरे प्लास्टिक पॉलिशने बरेच कमी होतात. ज्या चऱ्यात नख अडकतं तो मात्र पॉलिशने जात नाही.

काम वर्कशॉपला देणार असाल तर काढलेली पट्टी बसवण्याआधी तुम्हाला दाखवायला सांगा, मागच्या बाजूचा फोटो काढा आणि गाडी ताब्यात घेताना तीच पट्टी बोटाने सगळीकडे दाबून बघा. कुठेही हलली किंवा करकरली तर त्याच वेळी परत उघडायला लावा.