हार्नेसवरची टूल क्लिप: ट्यूबने आवळावी की बोल्टने कसावी?

करवत आणि चेनसॉ अडकवायची क्लिप हार्नेसवर (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या चढाईच्या पट्ट्यांवर) एका जागी टिकत नाही, हे झाडावर चढून छाटणी करणाऱ्या कुणालाही नव्याने सांगायला नको. काही हार्नेसवर मुळातच सोय असते. पेट्झल कंपनीच्या सिकोइया हार्नेसवर कॅरिटूल (त्यांचीच टूल क्लिप) बसवायच्या खाचा आहेत, त्यामुळे तो वापरणाऱ्यांचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. बाकीच्यांपुढे दोन रस्ते उरतात. एक तर प्लॅस्टिकची क्लिप कंबरपट्ट्यावर ओवून दोन्ही बाजूंनी रबराने आवळायची, नाहीतर धातूची क्लिप घेऊन पट्ट्याच्या आतल्या बाजूला पट्टी द्यायची आणि बोल्टने कसायची. मी दोन्ही वापरल्या आहेत.

रबराची सोय झटपट होते. पंक्चरवाल्याकडून मोटरसायकलची जुनी ट्यूब आणायची, लांब पट्ट्या कापायच्या आणि क्लिपला लागून ताणून गुंडाळायच्या. सोडायलाही वेळ लागत नाही, त्यामुळे खालचं वेबिंग (पट्ट्याची विणलेली पट्टी) हवं तेव्हा तपासता येतं. याच कामाला काही जण केबल टाय किंवा इन्सुलेशन टेप वापरतात. ते मात्र टाळावं. टायचं कापलेलं टोक दोराला आणि वेबिंगला घासत राहतं आणि टेपखाली काय झिजलंय ते दिसत नाही.

माझं मन रबरावरून उडालं ते एकाच त्रासामुळे. रबर क्लिपला पुढेमागे सरकू देत नाही, पण गोल फिरायला मोकळं सोडतं. बंगल्याच्या आवारातला मोठा पर्जन्यवृक्ष डोळ्यांपुढे आणा. फांद्या लांब आणि आडव्या, टोकाकडे तोल सांभाळत जायचं, आणि कमरेला 3-4 किलोचा टॉप हँडल (वर मूठ असलेला) चेनसॉ लटकलेला. प्रत्येक पावलाला तो हिसका देतो आणि क्लिप पट्ट्याच्या खालच्या कडेवरून जराजरा आत वळते. काप घेऊन झाला की डावा हात लॅनयार्डवर (फांदीभोवती टाकून स्वतःला बांधायच्या आखूड दोरावर) असतो, उजव्यात बंद केलेला चेनसॉ. तो क्लिपला लावायला जावं तर क्लिपचं गेट, म्हणजे उघडणारी बाजू, मांडीकडे तोंड करून बसलेलं! मग मान वाकवून शोधायचं, लॅनयार्डवरचा हात सोडून क्लिप सरळ करायची. दिवसातून अनेकदा हेच. फांदीच्या टोकावर नजर आणि हात दोन्ही अडकावेत, हे मला पटत नाही. क्लिप न बघता सापडली पाहिजे. त्यात नाशिकचा एप्रिल-मे, म्हणजे पावसाआधीच्या छाटणीची गर्दी. उन्हात रबर सैल पडतं, भुसा आत शिरला की पकडही जाते.

बोल्टच्या क्लिपला हा त्रास जवळपास राहिला नाही. बोल्ट वेबिंगच्या वरून आणि खालून जातात, पट्टा मधे दाबला जातो, म्हणून क्लिपला फिरायला जागाच उरत नाही. वेबिंगला भोक मात्र कधीही पाडू नका. पट्टी वेबिंगच्या रुंदीला नेमकी हवी; थोडी फट राहिलीच तर रबर शीटचा तुकडा आत घाला. क्लिपसोबत आलेली पट्टी रुंदीला जुळत नसेल तर नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत छोट्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची करून मिळते. कडा घासून गोल करून घ्या, नाहीतर तीच वेबिंग कापेल. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) लावा, साधे नट चेनसॉच्या कंपनाने ढिले होतात. हार्नेसच्या माहितीपत्रकात अशा जोडणीला मनाई नाही ना, हेही आधी पाहून घ्या.

याचेही तोटे आहेत. पट्टी कमरेच्या हाडावर आली तर दुपारपर्यंत बोचायला लागते. मी ती हाडाच्या थोडी मागे घेतली आहे. वेबिंग तपासायचं तर पाना काढून सगळं उघडावं लागतं. आणि एकच हार्नेस दोघं-तिघं वापरत असतील तर प्रत्येकाच्या मापाला जागा बदलत बसणं व्यवहार्य नाही. तिथे रबरच बरं. फक्त हातकरवत नेणाऱ्यालाही बहुधा रबर पुरेल, कारण मुळात वजनच कमी.

पण रोज चेनसॉ वर जात असेल आणि हार्नेस तुमचा एकट्याचा असेल, तर माझं झुकतं माप बोल्टला. तुमच्या अंगकाठीला आणि कामाला वेगळं सोयीचं पडू शकेल, हे मान्य.

काहीही बसवा, जागा जमिनीवर उभं राहून ठरवू नका. दोरावर बसलं की कंबरपट्टा वर चढतो आणि क्लिपचा कोन बदलतो. खालच्याच फांदीवर दोर टाकून पाय जेमतेम जमिनीवरून सुटतील इतकं लटका, डोळे मिटून हात खाली सोडा आणि तो जिथे सहज पडेल तिथे क्लिप कसा. या क्लिपा फक्त अवजारांसाठी असतात, तेव्हा स्वतःचा दोर किंवा लॅनयार्ड त्यात अडकवू नका. चेनसॉचा सुरक्षा पट्टाही हार्नेसच्या त्यासाठीच्या वेगळ्या कडीत लावा. बोल्ट पहिल्या काही दिवसांत रोज चढण्याआधी हाताने हलवून बघा, नंतर आठवड्याला पाना लावला तरी पुरे.