चॅनेल 16 की 2182? ट्रॉलरवरचा मेडे (संकटाची हाक) कुठून द्यावा

गोव्यातल्या मालिम किंवा कुटबणहून निघालेला ट्रॉलर किनाऱ्याच्या 20 मैलांत असेल, तर व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) चॅनेल 16, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, एफएम. पॉवर 25 वॅटवर ठेवा. बंदरात 1 वॅटवर केलेला सेट तसाच राहतो, ही नेहमीची चूक. मात्र लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दोन्ही बोटींचे अँटेने 4 मीटर उंच असले, तर पल्ला जेमतेम 9 सागरी मैल; समोर 100 मीटर उंचीवरचा किनारी अँटेना असेल तर सुमारे 26.

एफएमची एक खोड ध्यानात ठेवावी: दोघे एकदम बोलले, तर रिसीव्हर जोरदार सिग्नल पकडतो आणि दुबळा पार गिळतो. मेडे देणारा दूर असेल आणि जवळचा कोणी मासळीचा भाव विचारत बसला असेल, तर मेडे गेला! म्हणून 16 वर गप्पा नकोत.

त्यापुढे 2182 किलोहर्ट्झ, एसएसबी (सिग्नलची एकच बाजू पाठवणारी पद्धत), अप्पर साइडबँड, म्हणजे वरची बाजू. दिवसा शंभर-दीडशे मैल, रात्री आणखी. इथे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, पण दुबळा नाहीसा होत नाही. त्रास वेगळाच: थोडी फ्रिक्वेन्सी सरकली की आवाज बदकासारखा होतो, क्लॅरिफायर (फ्रिक्वेन्सी बारीक जुळवणारं बटण) हळू फिरवा. 150 वॅटचा सेट बोलताना 12 व्होल्टवर 25 अँपिअरच्या आसपास खेचतो. बॅटरी दमलेली किंवा अर्थिंग गंजलेले असेल, तर ट्यूनर (सेट अँटेन्याशी जुळवणारा भाग) जुळतच नाही. खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं.