एकाच हिऱ्याच्या दोन प्रतवाऱ्या : जीआयएच्या तपासणीचा अनुभव

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेल्या अंगठीतला ७१ सेंटचा (०.७१ कॅरेट) गोल हिरा आम्ही जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) या रत्ने तपासणाऱ्या संस्थेच्या मुंबईतील प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्यासाठी तो आधी कोंदणातून काढावा लागला, कारण बसवलेल्या हिऱ्याचे नेमके वजन करता येत नाही आणि सोन्याची झाक त्याच्या रंगात मिसळते. म्हणून ही संस्था सुटाच हिरा तपासते. खरेदीच्या वेळी सराफांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेचे सर्टिफिकेट दिले होते, त्यात रंगाची प्रत ‘जी’ आणि शुद्धतेची ‘व्हीएस२’ (अगदी बारीक दोष) होती. जीआयएच्या अहवालात रंग ‘आय’ आणि शुद्धता ‘एसआय१’ (बारीक दोष) आली, म्हणजे रंग दोन पायऱ्या आणि शुद्धता एक पायरी खाली.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा माझ्या लक्षात आले की वजन, व्यास आणि उंची तंतोतंत जुळतात, कारण ती यंत्राने मोजलेली असतात. फरक आहे तो डोळ्यांनी ठरवायच्या गोष्टींत. रंगासाठी हिरा पालथा ठेवून ठरावीक प्रकाशात नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून पाहतात. शुद्धतेसाठी दहापट भिंगाखाली आतल्या दोषांचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि ते किती ठळक दिसतात हे पाहतात. दोन प्रतींच्या सीमेवरचा हिरा निष्णात तपासनीसांच्या हातीही एका पायरीने वरखाली होऊ शकतो, हे मी मान्य करते. पण रंगात दोन पायऱ्या, शुद्धतेत एक, आणि तिन्ही विक्रेत्याच्याच फायद्याच्या, याला मी मतभेद म्हणणार नाही. तिथे मापच सैल धरले होते.

डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) ही रंगश्रेणी जीआयएने १९५३ मध्ये रूढ केली. आज इतर प्रयोगशाळाही हीच अक्षरे वापरतात, मात्र ती किती काटेकोरपणे लावायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. व्यापाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते : ऑक्टोबर २०१४ पासून रॅपनेट या हिऱ्यांच्या व्यापारी जाळ्याने ईजीएल या नावाच्या प्रयोगशाळांच्या अहवालांचे हिरे नोंदवून घेणेच बंद केले होते. गिऱ्हाईक मात्र दोन दुकानांतल्या ‘जी, व्हीएस२’ची किंमत ताडून पाहते आणि स्वस्त तो घेते. आम्हीही तेच केले.

जीआयएच्या अहवालात किंमत नसते, आणि मला तेच योग्य वाटते. आमच्या जुन्या सर्टिफिकेटवर किंमत छापली होती, तीही आम्ही मोजलेल्या रकमेहून बरीच जास्त, आणि तिच्यामुळेच आम्हाला सौदा फायद्याचा वाटला होता. नव्या अहवालाचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला आहे आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तपासणीचे शुल्क आणि कोंदणाचे काम दोनदा करण्याचा खर्च मला मुळीच जड वाटला नाही. खरेदीपूर्वीच ही तपासणी करून घेतली असती तर याहून कितीतरी मोठी रक्कम वाचली असती. हिरा आता त्याच अंगठीत पुन्हा बसवला आहे, आणि डबीत फक्त जीआयएचा कागद ठेवला आहे.