बॅटरीला मार बसलेली ईव्ही: दुरुस्त करून घ्यावी की टोटल लॉस मान्य करावा?

इलेक्ट्रिक गाडीचं नुकसान बंपर-बॉनेटवर निभावलं, तर डेन्ट-पेंट होऊन ती बाहेर पडते. खरा घोळ सुरू होतो तो गाडी दुभाजकावर चढून खालून घासली की. वर्कशॉप म्हणतं अख्खा बॅटरी पॅक बदला, नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर म्हणतो नुसतं खरचटलंय, आणि गाडी कोपऱ्यात उभी राहते. मग एक दिवस विमा कंपनीचा फोन येतो, ‘टोटल लॉस करून टाकू का?’ म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची विम्यातली किंमत देऊन क्लेम मिटवू का. हप्ते चालू असताना या प्रश्नाला घाईत हो किंवा नाही म्हणू नका.

आधी उशीर कशामुळे होतो ते बघा. पॅक गाडीच्या तळाशी, दोन्ही सिलच्या (दारांखालच्या पट्ट्यांच्या) मधे असतो. गाडी लिफ्टवर घेतल्यावर सर्व्हेअर टॉर्च मारतो, तेव्हा त्याला दिसतो कव्हरवरचा ओरखडा किंवा पोचा. आत सेल दबलेत का, कूलंट झिरपतंय का, इन्सुलेशन टिकून आहे का, हे बाहेरून कळत नाही. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस लागतो, आणि बऱ्याच वर्कशॉपना पॅक उघडायची परवानगीच नसते. तपासणीचा डेटा गाडीच्या कंपनीकडे जातो, तिथून उत्तर येईपर्यंत सगळं थांबतं. नवा पॅक मागवला तरी लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, त्यामुळे वाहतुकीवर बंधनं. ब्रिटनमध्येही हेच रडगाणं आहे. तिथल्या थॅचम रिसर्च या वाहन-विमा संशोधन संस्थेने 2023 साली मांडलेल्या हिशोबानुसार ईव्हीचे क्लेम पेट्रोल-डिझेल गाड्यांपेक्षा सुमारे 25 टक्के महाग पडतात आणि दुरुस्तीला सुमारे 14 टक्के जास्त वेळ लागतो.

आता पैशाकडे. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. समजा, एक्स-शोरूम 15 लाखांची गाडी दुसऱ्या वर्षात आहे. 20 टक्के घसारा धरून आयडीव्ही 12 लाख, म्हणजे रेषा 9 लाखांवर. पॅकचे 7 लाख आणि बॉडीचे अडीच लाख असं एस्टिमेट आलं, तर गाडी रेषेपलीकडे गेली. तोच पॅक न बदलता फक्त खालचं कव्हर बदलून भागलं, तर ती रेषेच्या कितीतरी अलीकडे राहते. भांडण बहुतेक वेळा एस्टिमेटमधल्या पॅकच्या या एका ओळीवरून असतं. म्हणून वर्कशॉपकडून लेखी मागा: कोणती चाचणी केली, काय रीडिंग आलं, कव्हर किंवा मॉड्यूल (पॅकमधला सेलचा एक गट) वेगळं का बदलता येत नाही. ‘कंपनी पॉलिसी आहे’ हे तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका.

दुरुस्तीची बाजू घ्यायची तर पॉलिसी उघडून दोन गोष्टी बघा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारं कव्हर, आहे का? साध्या पॉलिसीत बॅटरी आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, आणि 7 लाखांच्या पॅकवर ही कात्री जीवघेणी आहे. दुसरं, पाण्यामुळे किंवा शॉर्ट सर्किटमुळे बिघाड झाला असेल तर बॅटरीसाठीचं वेगळं कव्हर घेतलंय का. शिवाय दुरुस्तीनंतर बॅटरीची उरलेली वॉरंटी कायम राहील, असं पत्र गाडी ताब्यात घेण्याआधी हातात हवं. पत्र द्यायला टाळाटाळ झाली, तर मी त्या दुरुस्तीवर भरवसा ठेवणार नाही. गाडी अडकून पडली त्या काळातलं टॅक्सीभाडं साधी पॉलिसी देत नाही. रोजच्या भत्त्याचं अ‍ॅड-ऑन असलं तरी त्याला ठरावीक दिवसांची मर्यादा असते.

टोटल लॉस सुटसुटीत वाटतो, पण कर्जाची गाडी असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. वरच्या उदाहरणात 10 लाख बाकी असतील तर 12 लाखांतले दोन लाखच तुमच्या हाती, आणि नवी गाडी मात्र आजच्या भावाने. ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे जादा कव्हर घेतलं असेल तर चित्र पालटतं, कारण मग इन्व्हॉइसची किंमत मिळते. हे कव्हर साधारण पहिल्या तीनेक वर्षांपुरतंच मिळतं.

माझं मत स्पष्ट आहे. गाडी नवी, इन्व्हॉइसचं कव्हर शाबूत आणि पॅकला खरोखर मार, तर टोटल लॉस घ्या, दुरुस्तीच्या मागे लागू नका. गाडी चार वर्षांची असेल आणि मार फक्त कव्हरला बसलेला असेल, तर दुरुस्तीसाठीच भांडा. चौथं वर्ष सरलं की आयडीव्ही निम्म्यावर येते आणि तेवढ्यात तशी गाडी परत मिळणं कठीण. मधल्या वयाच्या गाडीत झिरो डेप आहे की नाही, यावर निर्णय घ्या.

दोन्हींपैकी काहीही निवडा, तारखा मात्र लिहून ठेवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय द्यायचा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. मुदत उलटली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तोवर ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका.