.४४ मॅग्नमसाठी ओतीव शिशाच्या गोळ्या: सारे काही मापावर
१९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या नावात ४४ असले, तरी त्याच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात सुमारे .४२९ इंच असतो, आणि ओतीव शिशाच्या गोळ्या घेताना सारी मेख तिथेच आहे. मी आधी २४० ग्रेन वजनाच्या, ‘अतिकठीण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या वापरल्या. सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाच्या, पुढच्या तोंडातून त्या बोटाने न ढकलताही खाली पडत. पन्नासेक फैरींनंतर नळीच्या सुरुवातीला, आट्यांच्या खाचांत, शिशाचे करडे पापुद्रे बसले, नेम विस्कटला आणि ते खरवडण्यात अख्खी संध्याकाळ गेली. दोष कठीणपणाचा नव्हता: सैल गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि जाताना शिसे ओरबाडून नळीला फासतो.

नंतर घेतलेल्या .४३० इंची, बुडाला तांब्याची गॅस चेक (वायू अडवणारी) टोपी असलेल्या गोळ्या माझ्या सिलिंडरमधून हलक्या दाबाने सरकतात, आणि तेवढ्याच फैरींनंतर नळी दोन चिंध्यांत स्वच्छ झाली. गोळीवरच्या वंगणाचा धूर मात्र बराच होतो, त्यामुळे बंदिस्त रेंजवर हवा खेळती हवी आणि नंतर हात धुवायलाच हवेत. धक्का मनगट हादरवणाराच आहे. शिसे मऊ म्हणून तो सौम्य होईल, अशी माझी भाबडी समजूत पहिल्याच फैरीत गेली. टोपीमुळे किंमत वाढते, तरीही मी याच पुन्हा घेईन.